आगळ

शनिवारी रात्री मी उपदेश लिहायला बसतो
आणि आधी समुद्र लिहून काढतो:
भरती साडेनऊला, वारा पडलेला,
बाबुली टांडेलाची रापण तिसऱ्या दिवशीही रिकामी.
मग तारीख. मग प्रभूचं नाव.
ही वही मुळात मच्छीमार सोसायटीची,
डावीकडे किलो, उजवीकडे रुपये.
एकोणीस वर्षं मी दोन्हीकडे देवाबद्दलच लिहितो आहे,
बेरीज एकदाही जुळलेली नाही.

वेंगुर्ल्याच्या या टोकाला आमची मंडळी सव्वीस जणांची,
त्यातले आठ मुंबईत, दोघं अंथरुणात.
पेटीचा मधला पंचम खाऱ्या हवेनं बसला आहे.
सगळी स्तोत्रं त्याला वळसा घालून म्हणायची सवय झाली,
परगावचा पाहुणा तेवढा तिथं अडखळतो.

जाळ्यांवर मी उपदेश करत नाही.
पहिल्या वर्षी केला होता, होडीच्या उजव्या बाजूला टाका म्हणून.
बाहेर पडताना ओबदनं हात धरला, हळूच म्हणाला,
"पाळकानू, उजवीकडे खडप आसा. जाळा फाटतला."
तेव्हापासून मी गव्हावर बोलतो, मेंढरांवर बोलतो.
इथं दोन्ही कुणी पिकवत नाही, पाळत नाही,
त्यामुळे कुणी हरकत घेत नाही.

गेल्या रविवारी प्रभुभोजन होतं.
कपाट उघडलं तर द्राक्षरसाच्या बाटलीत मुंग्या,
गोडात बुडून मेलेल्या.
घंटा वाजवून झाली होती.
प्रिस्काबाई काही न विचारता उठली, घरी गेली,
पदराखाली कोकमाचं आगळ घेऊन आली,
आणि घाईत ती विसरली, मीही विसरलो,
की आगळात साखर नसते. मीठ असतं.

वडील नहेम्या कुजबुजले, "हे विधीत बसत नाही."
मी म्हटलं, "बसवू."
(दुसरं काही सुचलंच नव्हतं.
नंतर ते त्याला विश्वास म्हणाले,
मी दुरुस्ती केली नाही.)

छोटे पेले फिरले.
एकेक चेहरा आंबट झाला, मग खारट.
पोरांनी डोळे मिटले, ते प्रार्थनेसाठी नव्हे.

शेवटच्या बाकावर दुर्कस बसते,
दाराशी, समुद्र दिसेल अशी.
तिचा तीमथ दोन वर्षांमागे बंदी उठायच्या आधीच गेला.
होडी मिळाली.
पुरायला काही नव्हतं म्हणून कबरही नाही,
आणि तिच्या ओट्यावर मी जितक्या वेळा गेलो
तितक्या वेळा माझे शब्द सुकटीसारखे,
दोन्ही अंगांनी वाळवलेले.

तिनं पेला रिकामा केला. ओठ पुसले नाहीत.
उपासनेच्या मधोमध, मोठ्यानं म्हणाली,
"दर खेपेक गोड लागता.
माका ता कधी पटूक नाय."

कुणी हललं नाही.
मग पेटीवाल्या शिलासनं स्तोत्र धरलं,
पंचमाला या वेळी वळसा घातला नाही.
सूर लागला नाहीच. तेवढ्या जागी
सगळी मंडळी एक श्वास थांबली
आणि पुढे गेली.

आज शनिवार.
सलोमी मेजावरची पांढरी चादर तिसऱ्यांदा धुते आहे.
लिंबू झालं, राख झाली, ऊन झालं,
डाग फिका होतो, जात नाही.
"राहू दे," मी म्हणतो.
"तुमचं काय जातं राहू दे म्हणायला!"

उपदेश कोरा आहे. वहीत एवढंच:
डावीकडे, आगळ, अर्धी बाटली.
उजवीकडे, पैसे विचारले, घेतले नाहीत.

उद्या गहू काढावा की मेंढरं, ठरत नाही.
खिडकीतून दुर्कसच्या पडवीतला दिवा दिसतो,
त्याच्यापलीकडे काळोख, ओहोटीचा आवाज.
सकाळी घंटेच्या आधी ओबदला गाठायचं,
उजवीकडचं ते खडप नक्की कुठं आहे
ते त्याला पुन्हा विचारायचं.